जाऊबाईंचं नाक

माझ्या थोरल्या जाऊबाईंना वास येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं म्हणून ईद येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. एका अंगणात राहायचं, एका नळावर पाणी भरायचं, एकाच दोरीवर कपडे वाळत घालायचे आणि बोलायचं मात्र नाही, हा किती कटकटीचा प्रकार आहे ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. काही सांगायचं असलं की त्या मांजराला सांगायच्या. "जा, तुझ्या काकूला सांग, गॅस संपलाय." मांजर जागचं हलायचं नाही. उठायची ती मीच.

शेदलिया त्यांचं नाव. घरात आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणतो. दीर वारल्यापासून अंगणाच्या त्या बाजूला त्या एकट्या असतात, या बाजूला मी आणि माझा नवरा नजीब. त्यांची एकुलती एक मुलगी सिरीन नोकरीपायी राजधानीत, ट्युनिसला असते आणि तिथून फोनवर सगळ्यांना शहाणपण शिकवते.

आमच्या नाबुल गावात कडू नारिंगाला बहर आला की घरोघरी तांब्याची भांडी माळ्यावरून खाली येतात आणि फुलांचा अर्क निघतो. ते फूलपाणी वर्षभर पुरवायचं. कॉफीत थेंबभर, मिठाईत चमचाभर, कुणाला घेरी आली तर कपाळाला. काढतात सगळेच, पण गल्लीत नाव होतं ते जाऊबाईंच्या पाण्याचं. फुलं दव असताना तोडली की ऊन चढल्यावर, हे त्या पिशवीत नाक घालून सांगायच्या. बरं, हे नाक फुलांपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. मी दारातून आत पाऊल टाकते न टाकते तोच, "बाजारात तळलेलं खाऊन आलीस वाटतं." नजीबने गच्चीत चोरून ओढलेली सिगारेट त्यांना खाली चुलीपाशी कळायची. माझ्या कालवणाचं झाकण उघडायच्या आधीच त्या नाक मुरडायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या नाकाच्या धाकात दिवस काढले.

मग एका हिवाळ्यात त्यांना ताप आला. साधाच, अंग मोडून काढणारा. उतरला, खोकला गेला, त्या पुन्हा कामाला लागल्या. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. माझ्या जेवणाला नावं ठेवणं बंद झालं होतं. आधी मी म्हटलं, देव पावला. मग एक दिवस त्यांनी मासे आणले ते असे की पिशवी उघडताच मी अंगणात पळाले. त्या शांतपणे खवले काढत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, हे नासलेत." त्या म्हणाल्या, "तुला शहरी खोड लागलीय." मासे शेवटी मांजरानेही सोडले. मिरचीची हरिसा त्या भाकरीला बोट बोट जाड लावून खायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "थंडी आहे." थंडी गेली तरी हरिसा होतीच.

तो वसंत आला तेव्हा रमजान चालू होता. मी आईकडे गेले होते. दुपार कलल्यावर परतले, तर गल्लीच्या तोंडाशीच करपल्याचा वास. अंगणात भांडं आडवं घालून ठेवलेलं, तळाला फुलं कोळसा होऊन चिकटलेली, आणि जाऊबाई हात पुसत समाधानाने बसलेल्या. भांड्यातलं पाणी आटलं, फुलं तळाला लागली, धूर नळीतून थेट बाटलीत उतरला आणि बाईंना पत्ता नाही. उपास असल्यामुळे कुणी चाखूनही पाहिलं नव्हतं. बाटल्या वाटूनही झाल्या होत्या. मोठी बाटली गेली होती समोरच्या फतहियाकडे, तिच्या मुलीच्या साखरपुड्याच्या मिठाईसाठी.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "वहिनी, हे करपलंय. तुम्हाला वास येत नाहीये."

त्या म्हणाल्या, "तुझ्या नाकाला कधीपासून अक्कल आली?" आणि उठून आत गेल्या. त्यानंतर ईदपर्यंत मांजर.

ईदला सिरीन आली. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती आईला ट्युनिसच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, तापाने असं होतं, कुणाचा वास परत येतो, कुणाचा येत नाही. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा चार कुप्या दिल्या, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला. जाऊबाई त्या कुप्या घेऊन खिडकीत बसायच्या. एक नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, थांबायचं, दुसरी घ्यायची. चेहरा असा, की दारावर उभ्या राहून कुणाची तरी वाट बघतायत आणि तो येत नाहीये. मला बघवायचं नाही. काही बोलायला जावं तर, "तुला काय, तुझं नाक जागेवर आहे ना?" शेवटी एका सकाळी चारही कुप्या केराच्या डब्यात गेल्या. लिंबाची तेवढी मी काढून ठेवली, फडताळात झुरळं होतात म्हणून.

मग त्यांचा सगळ्या जगावरच राग सुरू झाला. भाकरी म्हणजे पुठ्ठा. कॉफी म्हणजे गरम काळं पाणी. शेजारणी हसतात. नळाचं पाणी मुद्दाम आमच्याकडेच बारीक येतं. सकाळी उठल्यापासून धुसफूस. नजीब म्हणायचा, "जलीला, जरा सांभाळून घे." अंगणात दिवसभर कोण असतं? मी. तो दुकानात बसून मला सांभाळून घ्यायला सांगायचा.

सिरीनने त्यावर तोडगा काढला. आमच्याकडे समुद्राजवळच्या एका सभागृहात अफाफ नावाची मुलगी मन शांत करण्याचे वर्ग घेते. जे आहे ते स्वीकारा, या क्षणात राहा, छोट्या गोष्टींत आनंद शोधा, असं सगळं. सिरीनने ट्युनिसहून आईचं नाव घातलं, आणि आई एकटी जाणार नाही म्हणून माझंही. मला कुणी विचारलं नाही. मी या क्षणातच राहत होते, माझ्या क्षणात धुण्याचा ढीग होता.

पोरगी गोड होती, खोटं कशाला बोला. आवाज मऊ. तिने आम्हाला सतरंजीवर बसवलं. श्वास आत, श्वास बाहेर. "येतोय तो श्वास घ्या, त्याला बदलू नका," म्हणाली. जाऊबाईंचे गुडघे कुरकुरत होते आणि त्या गुडघ्यांसकट कुरकुरत होत्या. मग अफाफने प्रत्येकीच्या तळहातावर एकेक खजूर ठेवला. लगेच खायचा नाही. आधी बघायचा, मग बोटांनी चाचपायचा, मग नाकाशी धरून वास घ्यायचा आणि काय जाणवतं ते सांगायचं.

मी जाऊबाईंकडे बघितलं. एकजण म्हणाली, मधासारखा. दुसरी म्हणाली, जुन्या लाकडी पेटीसारखा. पाळी आमच्याकडे आली. जाऊबाईंनी खजूर नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "खजुराचा वास येतो. दुसरा कसला येणार?"

अफाफ हसून म्हणाली, "थोडं अजून जवळून बघा, काकू."

"पोरी, माझी पाठ दुखतेय," म्हणून जाऊबाई उठल्या आणि चालू लागल्या. मी तोंडात खजूर, हातात दोघींच्या चपला अशी त्यांच्या मागे. जीपमध्ये घरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "सांगून टाकायचं ना तिला. ती काय खाणार होती तुम्हाला?" त्यावर म्हणाल्या, "माझ्या नाकाची दवंडी पिटायला तू आहेस की." नंतर वर्गाचं नाव काढलं नाही.

पुढचा वसंत आला. गल्लीभर फुलांचे ढीग, प्रत्येक दारात चादरी पसरलेल्या. आमचं भांडं माळ्यावरच. बायका पिशव्या घेऊन विचारायला यायच्या, "शेदलिया, यंदा कधी लावतेस?" त्या म्हणायच्या, "कंबर धरलीय." कंबर ठणठणीत होती. नजीबने मात्र टुमणं लावलं, घरात फूलपाणी नाही म्हणजे काय, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तू काढ. त्याने मान खाजवली. शेवटी वैतागून एका सकाळी मीच भांडं उतरवलं, चिंचेने घासलं आणि अंगणात शेगडीवर चढवलं.

इतकी वर्षं मी फक्त पाणी बदलण्यापुरती कामाला असायची. वरच्या भांड्यातलं थंड पाणी कोमट झालं की काढायचं, गार ओतायचं, एवढंच. जाऊबाई आपल्या दारात माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या. पाठ माझ्याकडे, तोंड चालू.

"आच मोठी आहे."

"तुम्हाला मागे डोळे आहेत का?"

"कानाने ऐकू येतंय. आत खळखळ चाललीय, भातुकली खेळतेयस का? बारीक कर."

मी केली. थोड्या वेळाने पहिले थेंब पडायला लागले. त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अजून सरकली. मग त्या उठून आल्या, वरच्या भांड्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी बदल." मी बदललं. त्यांनी सांध्यावरची कणकेची पट्टी बोटाने दाबून पाहिली. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री झाली तेव्हा काही करण्यासारखं उरलं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "वास कसा आलाय?"

मी म्हटलं, "चांगला."

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे फुलांसारखा."

"फुलांसारखा नाही तर काय मेंढीसारखा येईल? नीट सांग."

मी पुन्हा नाक नेलं. आता काय सांगायचं? आयुष्यात कधी कुणी मला विचारलं नव्हतं. म्हटलं, "गोड आहे. जरा कडवट पण आहे मागून."

"मागून म्हणजे कुठे? आत घेताना की सोडताना?"

"वहिनी, माझं डोकं उठलंय."

"डोकं राहू दे, नाकाचं बोल."

मी चिडून पुन्हा वाकले. वाफेचा ऊबदार झोत चेहऱ्यावर आला आणि मी काही न ठरवता बोलून गेले, "सिरीन तान्ही असताना तिला न्हाऊ घालून तुम्ही माझ्या हातात द्यायचात ना, तेव्हा तिच्या मानेला यायचा, तसा. आणि खाली कुठेतरी हिरवी काडी मोडल्यासारखा."

जाऊबाई खाली बसल्या, अंगणाच्या फरशीवरच, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, झालं, आता पुढच्या ईदपर्यंत मांजर. पण त्या हसत होत्या. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसत म्हणाल्या, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? चांगला म्हणे." मग थोड्या वेळाने, "बरोबर आहे तर. बरोबर निघालंय."

आम्ही दुपारभर तशाच बसलो. प्रत्येक बाटलीला चौकशी. आता काडी कमी झाली का? मान आहे अजून? मान गेली असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी आच बंद केली.

संध्याकाळी फतहिया डोकावली. गल्लीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. जाऊबाईंनी एक बाटली उचलली, पण तिच्या हातात दिली नाही. मी नळावर उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"फतहिया, गेल्या वर्षी मी तुला दिलं ते करपलेलं होतं."

"अगं असू दे."

"असू दे काय? मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून. हे जलीलाच्या नाकाने काढलंय. घ्यायचं तर घे."

फतहिया म्हणाली, "ते माहीत होतं गं. झाकण उघडलं तर आमच्या घरात चूल विझवल्यासारखं झालं. मिठाईला मी बाजारचं आणलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कोण सांगणार? जलीलाने सांगितलं तर तिचं काय केलंस ते बघितलं की सगळ्यांनी."

सगळी गल्ली वर्षभर जाणून होती. नाकाची दवंडी कुणी पिटायची गरजच पडली नव्हती. मला वाटलं आता भांडण पेटणार. जाऊबाई बाटली फतहियाच्या हातात देऊन म्हणाल्या, "उघड. कसा येतो ते सांग. चांगला असं म्हणायचं नाही."

इथून पुढे सुख लागेल असं मला वाटलं होतं. पण माझा खरा ताप इथे सुरू झाला. पूर्वी त्या वास सांगून छळायच्या, आता विचारून छळायला लागल्या. मी बाजारातून आले की पिशवी घेण्याआधी, "मसाल्याच्या गल्लीत आज काय होतं?" रोज काय असणार? जिरं, मिरची, गाढव. ते चालत नाही. जिरं भाजलेलं की कच्चं? पाऊस पडला तर मला दारात उभं करून विचारतात, माती कशी, भिंत कशी, मांजर भिजलंय ते कसं. दूधवाला, कुंभाराची बायको, गॅसची टाकी आणणारा, कुणाची सुटका नाही. गॅसवाला आधी लाजायचा. आता तो टाकी खांद्यावरून उतरवता उतरवता स्वतःहून सांगतो, "काकू, खालच्या बेकरीत आज तीळ जरा जास्त भाजलेत."

आणि जेवण. देवा, ते जेवण. पूर्वी त्या उभ्याउभ्या जेवायच्या. आता भाकरीचा तुकडा मोडायचा, कानाजवळ नेऊन कडेचा आवाज ऐकायचा, मग खायचा. ऑलिव्ह जिभेवर फिरवायचं, बी दातांनी चाचपायची. थंडगार टरबुजाची फोड आधी गालाला लावायची. हरिसा अजून खातात, पण आता बोटाच्या टोकाएवढी, आणि ती जिभेवर कुठून कुठे चढत जाते त्याचं वर्णन मला ऐकावं लागतं. भांडी घासायला मी ताटकळत बसते. म्हटलं, "वहिनी, दुपारची अजान झाली." तर म्हणतात, "मग? पळतेय का भाकरी कुठे?"

सिरीन सुट्टीला आली आणि हे बघून हरखली. म्हणाली, "आई, हेच तर अफाफ शिकवते."

"तिच्याकडे मी फक्त गुडघे दुखवून घेतले," जाऊबाई म्हणाल्या. मग ऑलिव्हची बी ताटलीत ठेवून म्हणाल्या, "एक मात्र ती बरोबर बोलली होती. येतोय तो श्वास घ्या म्हणाली. मी वर्षभर गेलेलाच शोधत बसले."

मी म्हटलं, "हे त्याच दिवशी कळलं असतं तर माझ्या घशाखाली तो खजूर तरी नीट उतरला असता."

"तू गप्प बस. तू चपला उचलून पळालीस."

मी पळाले म्हणे.

वास परत आला नाही. गेल्या हिवाळ्यात अधूनमधून काहीतरी यायला लागलं, पण उलटसुलट. कॉफीला ओल्या लोकरीचा, कांद्याला रबराचा. सिरीन फोनवर रडली. डॉक्टर म्हणाले, कदाचित सुधारेल, कदाचित नाही. जाऊबाई कॉफीचा पेला नाकाशी नेऊन म्हणाल्या, "लोकर तर लोकर. ओल्या लोकरीत मी लहानपणी झोपलेय, आजोळी." आणि प्यायल्या. तोंड वाकडं झालं होतं, पण प्यायल्या. सगळेच दिवस असे जात नाहीत. कधी कधी फतहियाच्या घरातून मुलखियाचं कालवण शिजल्याचा सुगंध अंगणात उतरतो, मी न सांगता त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळतं, आणि त्या आत जाऊन दार लावून घेतात. तेव्हा मी विचारायला जात नाही. थोड्या वेळाने दार उघडतं आणि आतून आवाज येतो, "लसूण पडला का त्यात?"

या महिन्यात बहिणीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी सूस शहरात गेले. म्हटलं, चार दिवस तरी माझं नाक माझं. स्टेशनवर उतरले. उकाडा, गर्दी, हातात दोन पिशव्या. फलाटावरच्या गाड्यावर एकजण अंड्याची पोळी तळत होता, तेल जुनं होतं, त्यात अजमोदा नुकतीच पडली होती, आणि बंदराकडून वाऱ्याबरोबर डांबर आणि मासळीच्या जाळ्यांचा वास. मी थांबले. मागून येणाऱ्या माणसाचा धक्का लागला, तो काहीतरी पुटपुटला. मी पिशव्या खाली ठेवल्या, फोन काढला आणि जाऊबाईंना लावला.

"पोचलीस?" त्या म्हणाल्या.

"पोचले. स्टेशनवर आहे."

"मग?"

मी सांगायला लागले. तेलाचं सांगितलं, अजमोदेचं सांगितलं. डांबरावरून जाळ्यांशी आले तर त्या मध्येच म्हणाल्या, "थांब, थांब. जाळी सुकलेली की ओली?"

मला काय माहीत, मी म्हणणार होते. पण मग वारा पुन्हा आला, म्हणून मी आधी नीट वास घेतला.